खालची आळी तेवढी शाबूत

१

मुलींची प्रार्थना अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात पंचायतीचा चिटणीस कमलाकर शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी नव्हती. एरवी चौघांत तोंडातल्या तोंडात बोलणारा हा माणूस आज उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "बाई, चला! गाव मोडलं!"

गोदावरीबाईंनी मुलींना पाढे म्हणायला बसवलं आणि पदर खोचून त्या निघाल्या. कुठलं गाव, हे त्यांना विचारावं लागलं नाही. धामणसांगवीत गावं दोन होती. एक दगडमातीचं, वैरागच्या वाटेवर ओढ्याकाठी पसरलेलं. दुसरं चावडीत फळ्यांच्या चौथऱ्यावर मांडलेलं, दोन बाजांएवढं, तीस वर्षांनंतरचं.

हे दुसरं गाव एकनाथनानांच्या डोक्यातून निघालेलं. नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. पेन्शन घेऊन गावी परतले आणि त्यांनी पंचायतीसाठी तीस सालांचा बेत आखला. ओढ्यावर बांध घालून तलाव, तलावातून घरोघर नळ, बाजाराला पक्का रस्ता, गटारं. त्यासाठी घरपट्टी यंदा वाढायची आणि पुढेही दर काही वर्षांनी वाढत जायची. नकाशा दाखवला तेव्हा लोक नुसते माना हलवत बसले. मग नानांनी रंभाबाई कुंभारणीकडून सगळा बेत मातीत उभा करवला. टेकडी, ओढा, जमीन कच्च्या मातीची. घरं आणि देवळं अंगठ्याएवढी, आव्यात भाजलेली. ते पाहायला आसपासच्या वाड्यांतून माणसं लोटली. आपलं घर सापडलं की बाया हसायच्या आणि पट्टीचा आकडा ऐकला की गप्प व्हायच्या.

गोदावरीबाई पंचायतीतल्या एकमेव बाई, सरकारनं नेमलेल्या. पट्टीवाढीला त्यांनी हात वर केला होता, एवढंच नाही, तर दारोदार फिरून बायांची समजूतही काढली होती. त्यांच्या शाळेतल्या निम्म्या मुली विहिरीचं पाणी वाहून मग वर्गात यायच्या, उशिरा, खांदे भिजलेले. उन्हाळ्यात तर यायच्याच नाहीत. नळ आला की या मुली चौथीपर्यंत तरी पोचतील, हा बाईंचा साधा विचार. आज दुपारी मंजुरीसाठी प्रांतसाहेब येणार होते.

चावडीत शिरल्यावर बाईंचे पाय दाराशीच थबकले. टेकडी फुटलेली. तलावाचा बांध उडालेला. बाजारपेठेचा चुरा झालेला. आणि त्या सगळ्या पडझडीत ओढ्यालगतची खालची आळी, घोंगड्या विणणाऱ्या सांगरांची आणि मजुरांची, जशीच्या तशी उभी होती. एकूण एक घर रांगेत.

"बघा बाई," सरपंच आबासाहेब म्हणाले, "साऱ्या गावाचा इस्कोट केला, आन सोताची आळी तेवढी राखली. आता आनि काय पुरावा पायजे?"

त्यांनी बोट दाखवलं तिकडे खांबाला टेकून कुंडलिक सांगर बसला होता. त्याचे हात त्याच्याच पागोट्यानं बांधले होते.

२

कुंडलिक हा खालच्या आळीचा बोलता माणूस. आदल्या दिवशीच्या सभेत त्यानं सर्वांसमक्ष म्हटलं होतं, "ही माती तुडवून टाकली पायजे, मंग पट्टीबी जाईल." आणि आज पहाटे कोतवालाला मोडामोडीचा आवाज आला, तो धावत गेला, तर चावडीच्या खिडकीचे गज धरून उभा कोण? कुंडलिक. कोतवालानं आत न डोकावताच त्याला तसाच ओढत पाटलाकडे नेला. मग कमलाकरनं कुलूप काढलं, तेव्हा आतलं दिसलं.

"साहेबांसंगट फौजदार येनार हाय. त्येच्या हवाली करतो," आबासाहेब म्हणाले. रात्री ते वैरागला सासुरवाडीत होते आणि आरडाओरड झाल्यावर बैलांच्या धमणीतून उतरले होते. अंगावर प्रवासाची धूळ तशीच होती.

बाई कुंडलिकासमोर खाली बसल्या. त्याची मुलगी त्यांच्याकडे दुसरीत होती.

"कुंडलिक, तुम्ही मोडलं?"

"न्हाय."

"मग खिडकीशी काय करत होता?"

त्यानं मान फिरवली.

"आत काय दिसलं?"

त्याची नजर जमलेल्या माणसांवरून फिरली आणि पुन्हा जमिनीवर आली. "काय न्हाय. पट्टी भरनार न्हाय, एवढं लिवून घ्या. दुसरं मला बोलायचं न्हाय."

हा माणूस सभेत बोलायला उठला की त्याला खाली बसवता बसवत नसे. आज तो ओठ मिटून बसला होता, आणि ते बाईंना त्याच्या बांधलेल्या हातांपेक्षा जास्त खुपलं. त्या उठल्या. भिंतीशी बाकावर एकनाथनाना काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. चेहरा राखेसारखा.

"नाना," बाई जवळ जाऊन म्हणाल्या.

नानांनी मान वर केली. क्षणभर त्यांच्याकडे पाहतच राहिले. "कोण? गोदावरीबाई का? डोळ्यांवर ऊन येतंय, दिसलं नाही. काय उरलं हो माझ्या गावाचं?"

बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या चौथऱ्याकडे वळल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी सहज बोट टेकवलं. बोट आत गेलं.

माती ओली होती.

त्यांनी दुसरीकडे दाबून पाहिलं. पेठेत माती खणखणीत वाळलेली, काठीच्या फटक्यानं तडकलेली. टेकडीही तशीच. पण तलावाचा तळ चिखल झाला होता, आणि तिथून चिखलाचा एक पट्टा सरळ खालच्या आळीपर्यंत उतरला होता. शिमग्यापासून पावसाचा थेंब नव्हता, आणि चावडीचं छपर धड होतं.

म्हणजे कुणीतरी पाणी ओतलं होतं. शिंपडलं नव्हतं, भिरकावलं नव्हतं. बेतानं, तलावातच ओतलं होतं. मोडायला आलेला माणूस आधी पाणी कशाला ओतेल?

३

चावडीला लागून गुरुलिंगप्पांचं धान्याचं दुकान. तेही पंचायतीतले सभासद. पट्टीविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. बाई गेल्या तेव्हा ते ज्वारीच्या पोत्यावर बसून पंख्यानं वारा घेत होते.

"यप्पा! बाई, माझ्यावर संशय घेता काय?"

"काल सभेत तुम्हीच म्हणालात, हा बेत हाणून पाडू."

"म्हनलो की. ओरडलो न्हाई तर आबासाहेब अजून वाढवतील. पन रस्ता कुटनं जातोय बघितलं न्हाई काय? माझ्या दुकानापुढनं! पट्टी दुप्पट झाली तरी चालतंय, दुकानाचं मोल त्येच्यावर चढतंय. त्यो रस्ता मोडून मी काय करू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "हे बाहेर बोलू नका हं. लोकांना वाटतंय मी त्यांच्या बाजूनं हाय."

बाईंना एरवी हसू आलं असतं. "पहाटे दुकानात होता का?"

"झाडत होतो. भिंत एकच हाय की आमची न् चावडीची. पहिल्यांदा लई वेळ आवाजच न्हाई. नुसतं कोनतरी खुडबुड करतंय, उंदरागत. मग एकदम काठी चालली. धाड, धाड. कोतवाल बाहेर वरडला, ते समदं ऐकलं मी. त्यो कुंडलिकाला घेऊन गेला."

"मग शांत झालं?"

गुरुलिंगप्पांचा पंखा थांबला. "न्हाई. तेच तर. कोतवाल गेला, कुंडलिक गेला, आन आत कुनीतरी नाक ओढत होतं. मला वाटलं कुनाला पडसं झालंय."

"अहो, मग हे आबासाहेबांना सांगितलं का नाही?"

"विचारलं कुनी? आन बाई, सकाळी सकाळी साक्षीदार हून फौजदारापुढं कोन उभारनार?"

बाई दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. कुंडलिकाला धरून नेलं तेव्हा मोडणारा आतच होता. आणि तो मोडून झाल्यावर रडत होता.

४

चावडीच्या दाराचं कुलूप कुणी तोडलं नव्हतं. खिडकीच्या गजांतून मूठही आत गेली नसती.

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?" त्यांनी कमलाकरला विचारलं.

"आबासाहेबांकडं एक, नानांकडं एक, आन एक माझ्याकडं." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. "बाई, आबासाहेब तर वैरागला होते. म्हणजे माझ्यावर येणार. माझी नोकरी जाणार, बाई!"

"थांबा हो. आधी सांगा, हे मातीचं गाव केलं कसं? उंची कशी ठरवली?"

रंभाबाई खाली बसून खापऱ्या वेचत होती. कमलाकरच्या आधी तीच बोलली. "ह्यो आकडे वाचायचा. वाचंल तेवढ्या उंचीची खुंटी मी ठोकायची आन खुंटीपतुर माती भरायची. सारा हिवाळा गेला माजा. मोडनाऱ्याच्या हाताला काय झालं न्हाय ते बघायचं हाय मला."

"आकडे नाना वाचत नव्हते?"

"नाही," कमलाकर म्हणाला. "मोजणी करताना त्यांनी लिहिलेले आकडे होते, इंग्रजी, बारीक. नाना म्हणायचे, चष्मा घरी राहिला रे, तू वाच. रोजच राहायचा."

"आणि नकाशा?"

"तो नानांनी आधीच काढला होता. घरी बसून, एकट्यानं. त्याला हात लावू दिला नाही कुणाला."

बाई पुन्हा चौथऱ्यापाशी गेल्या. सकाळपासून सगळ्या गावानं खालची आळी पाहिली होती, पण ती शाबूत आहे एवढंच पाहिलं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि तोंड अगदी जवळ नेलं.

"रंभाबाई, इकडे या. ही घरं तुम्ही अशीच बसवली होती?"

रंभाबाई वाकली. "अगं बया! ही दारं टेकडीकडं कशी? खालच्या आळीची दारं वड्याकडं हायती की! आन ह्ये मधी काय? मारुतीचं देऊळ! त्ये आळीच्या वरल्या अंगाला बसवलं हुतं मी."

घरांच्या बुडाशी चिखल तळहातानं दाबलेला होता. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते. आळी कुणी राखली नव्हतीच. ती पाण्यानं वाहून गेली होती. मग कुणीतरी चिखलात चाचपून एकेक घर शोधलं होतं आणि परत उभं केलं होतं, पुढची बाजू कुठली, मागची कुठली, घर कुठलं, देऊळ कुठलं, हे न दिसता.

कमलाकरचे डोळे घारीसारखे. तो देऊळ आणि घर यांत चुकला नसता.

आणि चावडीचं दार आणि खिडकी दोन्ही पश्चिमेला होती. सकाळच्या वेळी तिथं कुणाच्याही डोळ्यांवर ऊन येत नाही.

५

एकनाथनाना घरी परतून आपल्या ओसरीवर बसले होते. बाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, मुद्दाम काही न बोलता. भर उजेड होता. नानांचे डोळे त्यांच्यावरच लागलेले.

"कोण आहे?" नाना म्हणाले.

"मीच. गोदावरी."

"या, बसा." मग, बाई बसल्या नाहीत हे जाणवून, ते हलक्या आवाजात म्हणाले, "कळलं वाटतं तुम्हाला."

"कधीपासून दिसत नाही, नाना?"

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग काढू. मी म्हटलं, आधी बेत पुरा करू." त्यांनी तळहात काठीवर टेकवले. "साहेबांसमोर तलाव भरून दाखवायचा होता. वाटलं, एकदा एकट्यानं बघावं. पहाटे तांब्या घेऊन गेलो. पाणी ओतलं आणि हात घालून बसलो, पोरासारखा. पाणी चढत होतं, बाई. माझ्या तलावात पाणी चढत होतं! जादा पाणी सांडव्यावरून पडायचं आणि टेकडीला वळसा घालून ओढ्याला मिळायचं, असा बेत. मी ओढ्यापाशी बोट धरून बसलो. पाणी आलंच नाही. मग हात फिरवत गेलो, तर खालची आळी चिखलात. घरं हाताला लागेनात."

"नकाशा चुकला होता."

"नकाशा काढताना मी तीनाचा आठ वाचला असणार. टेकडीच्या खिंडीतली जमीन मी उंच समजलो. ती खोल आहे, पाणी तिथूनच आळीत उतरलं. पोरानं आकडे बरोबर वाचले, रंभाबाईनं बरोबर भरले. माती खरं बोलत होती."

"मग मोडलं कशाला?"

"आधी नीटच करत होतो. घरं लावली, चिखल लिंपला, खिंड उंच केली. आणि मग ध्यानात आलं, चिखल उचलून लावता येतो, टेकडी कशी उचलू? दुपारी साहेब येणार, सगळं गाव बघणार. काठी हातातच होती." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "वाटलं, मोडलंय म्हटल्यावर साहेब परत जातील. पण आबासाहेब म्हणतात, नकाशावरच मंजुरी घेऊ."

"आणि कुंडलिक?"

"त्याला धरून नेलं ते ऐकलं मी. सगळे गेल्यावर कुलूप लावून घरी आलो."

"त्याला फौजदार बार्शीला नेईल, नाना. हात बांधून बसवलंय त्याला."

"मला थोडे दिवस द्या. परत मोजणी करतो, नकाशा सुधारतो. मग मीच सांगतो सगळं."

"कुठल्या डोळ्यांनी मोजणार?"

हे बोलल्यावर बाईंना स्वतःचाच राग आला. नाना मात्र रागावले नाहीत. ते काठी चाचपत उठले आणि आवाजाच्या रोखानं पुढे आले.

"ऐका बाई. मी आज उभा राहिलो, तर हा बेत पुन्हा कुणी वर काढणार नाही. पट्टी नको असलेले टपूनच बसलेत. तुमच्या मुलींचा नळ गेला म्हणून समजा. एका माणसाची दोन दिवसांची कोठडी, आणि इकडे साऱ्या गावाचं पाणी. तुम्हालाही नळ हवाच आहे ना?"

हवा होता. त्या दारोदार हिंडल्या होत्या त्यासाठी. खालच्या आळीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर बसून त्यांनी सांगितलं होतं, भरा पट्टी, तुमच्या मुलींसाठी भरा. ज्या घरांत त्यांना गुळाचा चहा मिळाला होता, त्याच घरांत पाणी शिरणार होतं. त्यांना आता जागच्या जागी उभं राहवेना.

वेशीकडून मोटारीचा भोंगा वाजला.

"सभेत मी बोलणार आहे, नाना," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी बोललात तर बरं होईल." आणि मागे न पाहता त्या निघाल्या.

६

प्रांतसाहेब तरुण होते, नवे होते आणि संध्याकाळच्या आत बार्शी गाठायची त्यांना घाई होती. मोडलेलं गाव पाहून त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. फौजदारानं कुंडलिकाकडे पाहून वहाण जमिनीवर आपटली. आबासाहेबांनी टेबलावर नकाशा पसरला.

"मातीचं मोडलं तरी कागद हाय, साहेब. नानांच्या हातचा. ह्याच्यावर मंजुरी द्या, पट्टीचा ठराव झालाच हाय."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. बाईंनी नानांकडे पाहिलं. नाना बाकावर बसून होते, पुतळ्यासारखे.

"साहेब, सही करण्याआधी एक ऐकाल का?" बाई उभ्या राहिल्या. चावडीत कुजबुज झाली. आबासाहेबांच्या कपाळावर आठी चढली.

"हे मोडण्याआधी इथं कुणीतरी पाणी ओतलंय. हात लावून बघा. कुलूप धड आहे आणि खिडकीच्या गजांतून मूठ जात नाही. बाहेर उभा असलेला माणूस तलावात पाणी ओतू शकत नाही. कुंडलिकाला धरून नेल्यावरही आत कुणीतरी होतं, ते गुरुलिंगप्पांनी ऐकलंय."

गुरुलिंगप्पांनी पंख्यामागे तोंड लपवलं. मग साहेबांची नजर आपल्यावरच आहे हे पाहून ते नाइलाजानं म्हणाले, "ऐकलंय, साहेब."

"आन खालची आळी शाबूत कशी?" आबासाहेब.

"ती शाबूत नाही, आबासाहेब. दारं बघा तिची. आपली आळी राखणारा माणूस आपल्याच घराचं दार उलटं लावेल? ती वाहून गेली होती. ओतलेलं पाणी तलावातून थेट त्या आळीत गेलं. मग ज्यानं ओतलं त्यानंच चिखलात हात घालून ती परत लावली. मोडायला आलेला असता तर त्यानं हे केलंच नसतं. गावाचा वैरी नव्हता तो. त्याच्याइतका जीव या गावावर कुणाचा नाही. फक्त त्याला..."

पाणी कुठे गेलं ते सांगून झालं होतं, कुंडलिक सुटल्यासारखा होता. उरलं होतं ते एका म्हाताऱ्या माणसाचं नाव.

"नाव काय त्याचं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पुन्हा नानांकडे पाहिलं.

काठी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. एकनाथनाना उठले होते.

"फक्त त्याला दिसत नाही," ते म्हणाले. "मीच तो, साहेब. तो नकाशा चुकला आहे. माझ्या हातून चुकला आहे. तलाव जिथं आखलाय तिथं झाला, तर पहिल्या मोठ्या पावसात खालची आळी जाईल. कुंडलिकाचे हात सोडा. मी सकाळपासून बघत बसलोय." आणि मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "बघत नाही. ऐकत."

कुणीतरी कुंडलिकाचं पागोटं सोडलं. तो मनगटं चोळत उठला. चौथऱ्यापाशी आला, चिखलाचा पट्टा त्यानं वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"म्हंजी आमी बुडनार," तो सावकाश म्हणाला, "आन पानी आनायची पट्टीबी आमीच भरनार?"

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. साहेबांनी पेनला टोपण लावलं.

बाई खाली बसल्या. उद्या सकाळीही मुली भिजलेल्या खांद्यांनी वर्गात येतील, आणि त्यांना उशिराबद्दल काही बोलायचं नाही, एवढंच त्या वेळी त्यांच्या मनात आलं.

७

बेत रद्द झाला नाही, मंजूरही झाला नाही. परत मोजणी करून आणा, असं साहेब सांगून गेले. पट्टी जुनीच राहिली. आबासाहेबांनी नानांशी बोलणं टाकलं, आणि गुरुलिंगप्पांनी भर बाजारात जाहीर केलं की आपल्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

मोजणीची दुर्बीण सोलापूरहून आली तेव्हा प्रश्न पडला, बघणार कोण. नाना म्हणाले, मी शिकवतो, डोळे दुसऱ्याचे लागतील. गोदावरीबाई पुढे झाल्या. आणि आकडे रंगवलेली उंच काठी आमच्या आळीचाच माणूस धरणार, असं खालच्या आळीनं बजावलं. तो माणूस अर्थातच कुंडलिक.

आळीपाशी काठी रोवण्याआधी बाई त्याच्याजवळ गेल्या. इतके दिवस एक गोष्ट त्यांना झोपू देत नव्हती.

"त्या दिवशी खिडकीतून तुम्ही नानांना पाहिलं होतं ना?"

"व्हय. उजाडाय लागलं हुतं."

"पहाटे तिथं गेलाच कशाला होता?"

कुंडलिकानं काठी या हातातून त्या हातात घेतली. "सभंत म्या तुडवा म्हनलो, पर धड बघितलंच नव्हतं की. मानसांच्या गर्दीत कोन बघू देतंय आमाला? म्हनलं, तीस वर्सांनी आमची आळी हाय का न्हाय, तेवढं तरी बघावं."

"मग आबासाहेबांना सांगितलं का नाही, नाना आत होते म्हणून? हात बांधले होते तुमचे."

"कसं सांगू, बाई? म्हातारा चिखलात हात घालून आमचं एकेक घर उचलत हुता, पुसत हुता, लावत हुता. आन रडत हुता. मला वाटलं, आमच्या आळीसाटी रडतोय. आमच्यासाटी आजपतुर कोन रडलंय? त्येचं नाव मी फौजदाराला देऊ?"

बाईंनी मागे पाहिलं. नाना तीन पायांच्या तिकाटण्यापाशी उन्हात उभे होते, दुर्बिणीवर हात ठेवून, त्यांची वाट पाहत.

"बाई," कुंडलिकानं विचारलं, "आमच्यासाटीच रडत हुते ना?"

बाईंनी उत्तर शोधलं. नकाशासाठी, अब्रूसाठी, डोळ्यांसाठी. काय काय असेल त्या रडण्यात.

"तुमचीच घरं होती त्यांच्या हातात," त्या म्हणाल्या. "काठी सरळ धरा."

त्या परत गेल्या आणि दुर्बिणीला डोळा लावला. अशा दुर्बिणीत दिसतं तसं, भिंगात सगळं उलटं दिसत होतं. आभाळ खाली, ओढा वर, आणि कुंडलिक डोक्यावर उभा, काठी घट्ट धरून, जरासुद्धा न हलता. त्यांनी आकडा नीट पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग मोठ्यानं वाचला, खालच्या आळीतल्या शेवटच्या दारापर्यंत ऐकू जाईल असा.